पाठ आणि मांडणी : आज्ञावली व समीकरणे असलेल्या मराठी ग्रंथांच्या ई-पुस्तकरूपाचा विचार

१

जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ती सिद्ध करताना संपादकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो पाठाचा. हस्तलिखितात जे जे दिसते त्यांपैकी ग्रंथकाराचे कोणते आणि लेखनिकाचे कोणते, याचा निवाडा केल्याशिवाय पाठचिकित्सेला आरंभच होत नाही. ओळ कोठे संपली, समासात किती जागा सुटली, पान कोठे उलटले, या गोष्टी आपण सामान्यतः लेखनिकाच्या खाती टाकतो. पोथीत ओवी सलग लिहिलेली असते. दंड आणि अंक पाहून आपण ती चार चरणांत मांडून छापतो, आणि तसे करताना ग्रंथकर्त्याच्या शब्दाला धक्का लागला असे कोणी म्हणत नाही. ओवीची रचना कागदावर नसून भाषेत आहे. ती कानाला कळते.

तांत्रिक ग्रंथांच्या बाबतीत, विशेषतः ज्यांत संगणकाच्या आज्ञावली आणि गणिती समीकरणे येतात अशा ग्रंथांच्या बाबतीत, हा निवाडा उलटा करावा लागतो. तेथे ओळीच्या आरंभी सोडलेली जागा हाच पाठ असतो. अंक ओळीच्या वर बसला आहे की ओळीत, हा पाठाचाच भाग असतो. दोन पदांमधील आडवी रेघ कोठून कोठवर ओढली आहे यावर उत्तर अवलंबून असते. मांडणी बदलली की अर्थ बदलतो, आणि बदलल्याचे वाचकाला कळतही नाही.

असे ग्रंथ ई-पुस्तकाच्या रूपात आणण्याचे काम मराठीत आजवर बहुतांशी अक्षरजुळणी करणाऱ्याकडे सोपवले गेले आहे. छापील पानाचे छायाचित्र घ्यावे किंवा जुळणीची संचिका पीडीएफमध्ये बदलावी, की काम संपले, असा समज त्यामागे आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की हे काम मूलतः पाठसंपादनाचे आहे. त्यातील बहुतेक अडचणी यंत्राच्या नसून पाठ म्हणजे काय हे आधी न ठरवल्याच्या आहेत. आणि म्हणूनच मराठीच्या अभ्यासकाला तो विषय परका मानता येणार नाही.

येथे वाचकाचा विचार आधी केला पाहिजे. आंबेगाव तालुक्यातील शिनोली हे घोडेगावच्या पश्चिमेस, भीमाशंकरकडे जाणाऱ्या वाटेवरचे गाव. अशा गावात मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला आज्ञालेखन शिकावयाचे असेल तर पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातील दुकानापेक्षा हातातील मोबाइलच्या पडद्यावर ग्रंथ भेटण्याचा संभव अधिक. डेमी अष्टपत्री पानाची रुंदी साडेपाच इंच असते. उभ्या धरलेल्या मोबाइलचा पडदा अडीच-पावणेतीन इंचांचा. पीडीएफचे पान त्यात बसवले म्हणजे बारा पॉइंटांचे अक्षर सहा पॉइंटांचे होते. मोठे करून पाहावे तर ओळीचा अर्धा भाग पडद्याबाहेर जातो आणि प्रत्येक ओळीसाठी पान डावीकडून उजवीकडे सरकवावे लागते. कादंबरीचा वाचक हे सोसून घेईल. आज्ञावलीत कंस कोठे उघडला आणि कोठे मिटला हे शोधणारा वाचक पुस्तक बंद करील. पडद्याच्या रुंदीप्रमाणे मजकूर नव्याने ओळींत बसेल असे ई-पुस्तक, म्हणजे 'ईपब' किंवा तत्सम प्रकारचे, त्याला हवे असते. पण मजकूर नव्याने ओळींत बसू लागला की मांडणी मोडते, आणि मांडणी हाच येथे पाठ. पेच आहे तो असा.

२

मांडणीतून अर्थ सांगण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. शिनोलीच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात नाणेघाटाच्या लेण्यातील सातवाहन राणीचा लेख आहे. यज्ञांत दिलेल्या दक्षिणांची मोजदाद त्यात अंकचिन्हांनी केली आहे, आणि १९व्या शतकात भगवानलाल इंद्रजींनी या अंकांचा अभ्यास केल्यापासून भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान मिळाले आहे. या अंकांत स्थानमूल्य नाही. शंभराच्या चिन्हाला सातचे चिन्ह जोडले की सातशे, हजाराच्या चिन्हाला चारचे जोडले की चार हजार. म्हणजे हे अंक जोडाक्षरांसारखे चालतात. कोणते चिन्ह कोणाला चिकटले आहे यावर संख्या ठरते. दगडावरून ठसा घेताना चिकटलेली चिन्हे सुटी वाचली तर चार हजारांचे एक हजार चार होतील.

भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, 'लीलावती' पद्यात रचली तेव्हा संख्या शब्दांनी सांगितल्या. पद्यातील गणिताला कागदाची गरज नाही. पाठांतराने ते पिढ्यान्‌पिढ्या टिकते. परंतु त्याच ग्रंथपरंपरेत उदाहरण सोडवून दाखवण्याची वेळ येते तेव्हा 'न्यास' येतो, म्हणजे मांडणी, आणि तेथे पद्य थांबते. अपूर्णांकाचा अंश वर आणि छेद खाली, मध्ये रेघ नाही. ऋण संख्येच्या डोक्यावर बिंदू. अव्यक्त राशींना 'या', 'का', 'नी' अशी आद्याक्षरे. आणि समीकरणाचे दोन पक्ष आजच्यासारखे एकाच ओळीत नव्हेत, तर एकाखाली एक. सजातीय पद सजातीय पदाखाली, आणि जेथे पद नाही तेथे शून्य लिहून जागा भरलेली. लेखनिकाने डोक्यावरचा बिंदू गाळला तर ऋण राशी धन झाली. खानदेशातील पाटण येथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा १३व्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख प्रसिद्ध आहे. पद्य पाठ होईल, पण न्यास गुरूने पाटीवर मांडून दाखवला पाहिजे, ही जाणीव अशा मठामागे असणारच असे मला वाटते.

छपाईच्या आरंभकाळात ही मांडणी फारशी अडली नाही, याचे श्रेय शिळाछापाला द्यावे लागेल. शिळाछापावर हाताने लिहिलेले जसेच्या तसे उमटते. मुंबईत १८२० नंतर जॉर्ज जर्व्हिस यांच्या पुढाकाराने गणिताची मराठी पुस्तके तयार होऊ लागली. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापले तेही शिळेवर, आणि पंचांग म्हणजे कोष्टकांची दाटी. खिळ्यांची जुळणी आल्यावर मात्र गणित महाग झाले. देवनागरीच्या केसमध्ये आधीच काना-मात्रांचे आणि जोडाक्षरांचे शेकडो खिळे. त्यात अंश-छेद, मूळचिन्हे, उभ्या-आडव्या रेघा यांची भर. जुळाऱ्याला एकेक अपूर्णांक लहान खिळ्यांनी दोन मजल्यांत बांधावा लागे. असे असताही केरूनाना छत्र्यांची 'ग्रहसाधनाची कोष्टके' १८६० मध्ये आणि शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिषाचा इतिहास १८९६ मध्ये छापून निघाला. त्या पानांतील कोष्टके पाहिली की ज्यांची नावे कोठेच नोंदली गेली नाहीत अशा जुळाऱ्यांविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

जुन्या पुस्तकांतील एका चिन्हाचा येथेच उल्लेख करतो. पाव, निम्मे, पाऊण यांसाठी आपल्या जमाखर्चात आणि अंकगणितात उभ्या रेघा वापरीत : एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे निम्मे. साडेचार लिहावयाचे ते ४॥ असे. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि ही खूण हळूहळू व्यवहारातून गेली. आज जुने अंकगणित संगणकाने वाचून घेतले तर ४॥ मधील दोन रेघा श्लोकान्तीचा दंड समजल्या जातात, आणि साडेचारचे चार होऊन पुढे वाक्य संपते. युनिकोडमध्ये या दोहोंना वेगळे संकेत असले तरी छापील पानावर त्या सारख्याच दिसत असल्यामुळे भेद करणे यंत्राच्या हाती नाही. तो संपादकानेच करावयाचा आहे.

३

संगणकावरील मराठी जुळणी १९८० नंतरच्या दोन दशकांत रुळली. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकचे 'जिस्ट' तंत्र आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची 'श्रीलिपी' यांनी मराठी ग्रंथव्यवहाराचे रूप पालटले, हे निर्विवाद. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांच्या संकेतांचे 'इस्की' हे मानक भारतीय मानक म्हणून ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. तथापि ग्रंथांची प्रत्यक्ष जुळणी पुढेही अनेक वर्षे फॉन्टांच्या आकृतींवर चालत राहिली.

याचा अर्थ काय, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे, कारण आजच्या बहुतेक अडचणींचे मूळ येथे आहे. त्या फॉन्टांत मराठी अक्षराला स्वतःचा संकेतांक नव्हता. रोमन अक्षरांसाठी आणि विरामचिन्हांसाठी जे संकेतांक ठरलेले होते, त्यांच्याच जागी काना, वेलांटी, अर्धा क, रफार अशा आकृती बसवलेल्या असत. संगणकाच्या दृष्टीने संचिकेत रोमन अक्षरेच असत. पडद्यावर आणि कागदावर मराठी दिसे ते फॉन्टमुळे. निबंधाच्या किंवा कथेच्या पुस्तकात याने काही बिघडत नाही. सगळे पुस्तक एकाच फॉन्टात असते, आणि रूपांतराची आज्ञावली चालवली की मजकूर युनिकोडमध्ये येतो.

आज्ञालेखनाच्या पुस्तकात मात्र एकाच ओळीत दोन भाषा नांदत असतात. 'पुढील आज्ञा लिहा' हे मराठी फॉन्टात आणि आज्ञा रोमन फॉन्टात. दोहोंचे संकेतांक तेच. मराठी कोणते आणि आज्ञा कोणती, हे सांगणारी एकच खूण त्या संचिकेत असते : फॉन्टचे नाव. रूपांतर करताना प्रथम साधा मजकूर वेगळा काढला, आणि बहुधा तसेच केले जाते, तर ती एकमेव खूण पुसली जाते. मग मराठीबरोबर आज्ञावलीचेही 'मराठीकरण' होते. महिरपी कंसाच्या जागी एखादे अर्धे अक्षर येते, बरोबरीच्या चिन्हाच्या जागी उकार, आणि आज्ञांच्या ठिकाणी निरर्थक देवनागरी वर्णांची रांग. लेखनिकाने आपल्याला न समजणाऱ्या भाषेतील उतारा आपल्या लिपीच्या वळणावर नेऊन भ्रष्ट करावा, तसाच हा प्रकार. पाठचिकित्सेला तो परिचित आहे. फरक इतकाच की येथे लेखनिक यंत्र आहे आणि तो एका रात्रीत सारा ग्रंथ भ्रष्ट करू शकतो.

म्हणून जुन्या जुळणीवरून ई-पुस्तक करावयाचे तर पहिले काम फॉन्टच्या नावावरून प्रत्येक तुकड्याची भाषा नोंदवण्याचे. ही नोंद ई-पुस्तकाच्या अंतरंगातही राहिली पाहिजे. ईपब म्हणजे संकेतस्थळांच्या पानांसाठी वापरतात त्याच एचटीएमएल पद्धतीने खुणा केलेल्या पानांचे एक गाठोडे असते, आणि प्रत्येक तुकड्याला भाषेची खूण करण्याची त्यात सोय आहे. मराठी म्हणून खूण केली नाही तर काही फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची वळणे शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात नोंदवली आहेत. ही बाब दिसण्याची म्हणून सोडून देता येईल. आज्ञावलीची खूण मात्र सोडता येणार नाही, कारण बोलून वाचणारे यंत्र त्या खुणेवरूनच उच्चार ठरवते.

४

आज्ञावलीत रिकामी जागा अर्थ कसा वाहते याचा एक नमुना मराठी शब्दांत मांडून दाखवतो. पायथन या आज्ञाभाषेची मांडणी या धर्तीची असते :

प्रत्येक विद्यार्थी घ्या :
    गुण मिळवा
    बेरीज = बेरीज + गुण
बेरीज छापा

वर्गात ४० विद्यार्थी असतील तर बेरीज शेवटी एकदा छापली जाईल. आता शेवटची ओळ वरच्या दोन ओळींइतकीच आत सरकली असे समजा. एकही अक्षर बदललेले नाही. पण बेरीज ४० वेळा छापली जाईल. सर्वच ओळी समासाला भिडल्या तर संगणक आज्ञावली नाकारील, आणि ते त्यातल्या त्यात बरे, कारण चूक निदान उघडी पडते. ई-पुस्तकाच्या सामान्य परिच्छेदात सलग आलेल्या अनेक रिकाम्या जागा मिळून एक होते. ओळी एकमेकींत मिसळतात. आज्ञावलीसाठी 'जशीच्या तशी ठेवा' अशी वेगळी खूण एचटीएमएलमध्ये फार पूर्वीपासून आहे. ती न वापरता रिकाम्या जागा भरून काम भागवले की पडद्याची रुंदी बदलताच मांडणी विस्कटते.

खूण केली तरी अरुंद पडद्याचा प्रश्न उरतो. लांब ओळ पडद्यात मावत नसेल तर ती आपोआप मोडू द्यावी की आडवी सरकवू द्यावी? मोडू दिली तर मोडलेला भाग नव्या आज्ञेसारखा दिसतो. सरकवू दिली तर वाचन कष्टाचे होते, पण पाठ अबाधित राहतो. दोहोंत मी दुसरा मार्ग पसंत करीन. मात्र खरा उपाय लेखकाच्या हाती आहे. त्याने पुस्तक लिहितानाच आज्ञेची ओळ चाळीसेक अक्षरांच्या आत ठेवावी आणि ती मोडावयाची तर कोठे हे स्वतः ठरवावे. चरण कोठे मोडावा हे कवीने ठरवावे, मुद्रकाने नव्हे, असे आपण मुक्तच्छंदाच्या बाबतीत मान्य केलेलेच आहे.

अवतरणचिन्हांचा घोळ याहून किरकोळ दिसतो, पण नवशिक्याला तो सर्वाधिक छळतो. ग्रंथजुळणीत सरळ अवतरणचिन्ह आपोआप वळणदार केले जाते, उणे चिन्हाची रेघ लांब केली जाते. मराठी वाक्यात ते शोभते. आज्ञावलीत वळणदार अवतरण म्हणजे संगणकाला अनोळखी चिन्ह. पुस्तकातील उदाहरण अक्षरशः उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याला चूक आपलीच वाटते, आणि शेजारी विचारायला कोणी नसेल तर तो समज दूर होण्याची वाटच नसते.

अंकांचेही तसेच. जुन्या फॉन्टांत रोमन अंकाच्या जागी देवनागरी अंक बसवलेले असल्यामुळे काही ठिकाणी आज्ञावलीतही १० असे देवनागरी आकडे छापले जात. पायथनमध्ये वाचकाने टंकलेला '१०' हा मजकूर संख्येत बदलून घेता येतो, कारण युनिकोडमधील कोणत्याही लिपीचे दशमान अंक तेथे ओळखले जातात. पण आज्ञावलीच्या अंगातच १० असे देवनागरीत लिहिले तर ती चूक ठरते. त्याच भाषेत २००८ पासून चलांची नावे मात्र देवनागरीत देता येतात. 'बेरीज', 'गुण', 'सरासरी' ही नावे वैध आहेत. मराठी पुस्तककारांनी या सोयीचा फारसा लाभ घेतला नाही, याचे मला नवल वाटते. उदाहरण समजून घेताना चलनामाचा अर्थ आपोआप कळणे हे शिकणाऱ्याच्या दृष्टीने लहान साहाय्य नव्हे.

या सोयीतही एक खास मराठी खोच आहे. 'दुसऱ्या', 'सुऱ्या' यांतील अर्धा र संगणकावर दोन प्रकारे टंकता येतो. एका प्रकारात नुक्त्याचा ऱ, त्यापुढे हलन्त आणि य असतो. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग य. पडद्यावर दोन्ही अगदी एकसारखे दिसतात. पण चलाच्या नावात अदृश्य चिन्ह चालत नाही; पहिल्या प्रकारे लिहिलेले 'दुसऱ्या' पायथन स्वीकारते, दुसऱ्या प्रकारे लिहिलेले नाकारते. ग्रंथात शब्द शोधतानाही एका प्रकारे टंकलेला शब्द दुसऱ्या प्रकारे शोधल्यास सापडेलच असे नाही. पाठभेद म्हणजे डोळ्यांना दिसणारा भेद, ही आपली आजवरची समजूत. येथे न दिसणारा पाठभेद आहे, आणि प्रकाशनापूर्वी सर्व ग्रंथात एकच लेखन ठरवून घेणे एवढाच त्यावर उपाय आहे.

५

समीकरणांच्या बाबतीत मराठी ई-पुस्तकांत रूढ असलेला मार्ग म्हणजे समीकरणाचे चित्र घालणे. ते करायला सोपे आणि दिसायला अचूक, म्हणूनच धोक्याचे. वाचकाने अक्षर मोठे केले तरी चित्र तेवढेच राहते. रात्री पडदा काळा केला तर काळ्यावर पांढरे ठिगळ उमटते. चित्रात शोध घेता येत नाही, आणि अंध वाचकासाठी ते पान कोरे असते. दृष्टिहीनांना ग्रंथ सुगम रूपात मिळावेत म्हणून २०१३ मध्ये झालेल्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश. त्याआधीच, २०१२ च्या दुरुस्तीने, आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात अपंग वाचकांसाठी ग्रंथाचे सुगम रूप करण्याची मुभा आली. कायद्याने दिलेली वाट चित्राने बंद होते.

चित्राचा पर्याय न वापरता समीकरणाचा मजकूर केला तर आणखी एक संकट. दहाचा पाचवा घात म्हणजे १,००,०००. घातांक वरच्या जागेवरून ओळीत उतरला की उरतात ते १०५. रूपांतरात असे घातांक हटकून घसरतात, कारण साध्या मजकुरात 'वर' ही जागाच नसते. रोमन अंकांना युनिकोडमध्ये निदान वर बसणारी वेगळी रूपे आहेत. देवनागरी अंकांची अक्षरावर बसणारी जी रूपे युनिकोडमध्ये आहेत ती सामवेदाच्या स्वरांकनासाठी आहेत, घातांकासाठी नव्हेत. वेदपाठाची सोय झाली आणि बीजगणिताची राहिली, असे गमतीने म्हणता येईल. परंतु खरे पाहता घातांक हा अक्षराचा गुण नसून रचनेचा आहे, आणि तो रचनेच्या खुणेनेच सांगितला पाहिजे.

अशा खुणांच्या दोन पद्धती प्रचारात आहेत. डोनाल्ड क्नुथ यांनी आपल्या ग्रंथाची मुद्रिते मनासारखी न आल्यामुळे १९७८ मध्ये सिद्ध केलेली 'टेक' ही पहिली. फ्रान्स फेल्टहाउस यांनी १९९१ मध्ये तिला देवनागरीची जोड दिली आणि २००४ नंतरच्या 'झीटेक'मुळे युनिकोड मराठी तीत थेट लिहिता येऊ लागले. छापील पानासाठी तिला तोड नाही. दुसरी 'मॅथएमएल', १९९८ मध्ये मान्य झालेली आणि २०११ च्या ईपबच्या तिसऱ्या आवृत्तीत समाविष्ट झालेली. तीत अपूर्णांक हा अपूर्णांक म्हणून, वर्गमूळ हे वर्गमूळ म्हणून नोंदवले जाते. ते कसे दाखवावे हे वाचनसाधन ठरवते. क्रोम या न्याहाळकाने तिला पुरता आधार देण्यास २०२३ चा जानेवारी उजाडला, यावरून तिची वाट किती खडतर होती हे ध्यानात येईल. आजही सर्व वाचनसाधने तिला सारखीच वागवतात असे नाही. म्हणून समीकरण मॅथएमएलमध्ये नोंदवावे आणि ज्या साधनाला ते उमगत नाही त्याच्यासाठी चित्र व शब्दवर्णन सोबत द्यावे, हा सध्या व्यवहार्य मार्ग.

रचना नोंदवण्याचे महत्त्व वाचून दाखवताना विशेष जाणवते. 'अ अधिक ब छेद क' असे म्हटले तर अर्थ (अ + ब) / क असा की अ + (ब / क) असा? अ दोन, ब चार आणि क दोन असेल तर पहिल्याचे उत्तर तीन, दुसऱ्याचे चार. शिक्षक हात फिरवून, आवाज चढवून-उतरवून हा भेद दाखवतो. यंत्राला तो रचनेतून कळतो, मग 'कंसात अ अधिक ब, सर्वांस छेद क' असे ते वाचू शकते. मराठीत समीकरण कसे वाचावे याचे एकमताचे नियम मात्र अजून कोणी लिहून काढलेले नाहीत. 'क्ष वर्ग', 'क्षचा वर्ग', 'क्षचा दुसरा घात' हे तिन्ही प्रयोग चालतात. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकातील 'वीस तीन' अशा संख्यावाचनावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्या वादात ज्या आवेशाने मते मांडली गेली त्याचा काही अंश समीकरणवाचनाच्या वाट्याला आला असता तर बरे झाले असते.

क्ष या अक्षराचेच उदाहरण घेऊ. मराठी गणिताच्या जुन्या पुस्तकांत अव्यक्त राशीसाठी क्ष आणि य ही अक्षरे सर्रास येतात. मॅथएमएलचा मूळ नियम असा की एका वर्णाचे चलनाम तिरपे छापावे आणि अनेक वर्णांचे सरळ. युनिकोडच्या लेखी क्ष हे एक अक्षर नव्हे. क, हलन्त आणि ष असे तीन संकेत आहेत. परिणामी, हा नियम जसाच्या तसा पाळणाऱ्या साधनावर एकाच समीकरणात क्ष सरळ उभा आणि य कललेला दिसतो. क्ष आणि ज्ञ यांना वर्णमालेत स्वतंत्र वर्ण म्हणावे की नाही या आपल्या जुन्या वादाचा निकाल समीकरणाच्या पानावर असा परस्पर लागतो. देवनागरीला तिरप्या अक्षराची परंपरा नसल्यामुळे मराठी ग्रंथात सर्वच चले सरळ ठेवावीत असे माझे मत आहे, आणि तशी खूण प्रत्येक चलाला स्पष्टपणे करता येते.

चले रोमन करावीत की देवनागरी, हा प्रश्न मी येथे जाणूनबुजून बाजूला ठेवतो. नव्या पुस्तकात लेखकाने आपल्या वाचकाकडे पाहून तो सोडवावा. जुन्या पुस्तकाच्या ई-आवृत्तीत मात्र मूळ चलांना हात लावू नये; केलाच बदल तर तो टीपेत सांगावा.

लांब समीकरण अरुंद पडद्यावर मोडावे लागते तेव्हा बरोबरीच्या चिन्हाआधी मोडावे आणि दुसरा पक्ष पहिल्याच्या खाली आणावा. हे लिहिताना सहज ध्यानात येते की दोन पक्ष एकाखाली एक, सजातीय पद सजातीय पदाखाली, ही भास्कराचार्यांच्या ग्रंथांतील मांडणी मोबाइलच्या पडद्याला आजच्या आडव्या ओळीपेक्षा अधिक मानवते.

६

संपादकाने ठरवावयाची आणखी एक बाब उरते, ती पानांच्या क्रमांकांची. ई-पुस्तकात पान असे काही नसते. अक्षर मोठे केले की पाने वाढतात. मग 'पृष्ठ ४७ वरील समीकरण पाहा' हे वाक्य निराधार होते. नव्या ग्रंथात प्रत्येक समीकरणाला आणि प्रत्येक आज्ञावलीला प्रकरणवार क्रमांक द्यावा, जसे ३.७ किंवा ५.२, आणि संदर्भ त्या क्रमांकाने द्यावा, म्हणजे वाचकाला बोट ठेवताच तेथे जाता येते. छापील ग्रंथात जे काम वाचकाचे बोट आणि खुणेचा कागद करीत असे, ते येथे या दुव्याने होते.

दीक्षितांच्या ग्रंथासारख्या पुस्तकाची गोष्ट निराळी. शंभराहून अधिक वर्षे अभ्यासकांनी त्याचे संदर्भ पृष्ठांकाने दिले आहेत. त्याचे ई-पुस्तक करताना मूळ आवृत्तीचे पान जेथे बदलते तेथे, प्रसंगी वाक्याच्या किंवा कोष्टकाच्या मध्येही, तो पृष्ठांक खुणेने नोंदवावा. ईपबच्या तिसऱ्या आवृत्तीत अशा पृष्ठांकांची सूची देण्याची सोय आहे. खूण वाचकाला दिसली नाही तरी चालेल. शोधणाऱ्याला ती सापडली पाहिजे. कोष्टक दोन पानांवर पसरले असेल तर ते एकच कोष्टक म्हणून जोडावे आणि पृष्ठांकाची खूण ज्या ओळीपाशी पान उलटत होते तिच्या आरंभी ठेवावी.